राहिलेले दोन पेपर

वाडेगव्हाण फाट्यावर उभं राहून मी कॉलेजच्या गाडीची वाट आयुष्यात दोन वेळा पाहिली. पहिली वेळ 1986 ते 1989 आणि दुसरी 2022 ते 2025. मधली तेहतीस वर्षं संसारात गेली. पहिल्या वेळी रस्ता ओलांडून पलीकडे थांबायचे, कारण गाडी घोडनदीला जाणारी असायची. आमच्याकडची जुनी माणसं शिरूरला अजूनही घोडनदीच म्हणतात. दुसऱ्या वेळी अलीकडेच, आमच्या गावाच्या, राळेगणच्या बाजूला थांबायचे, कारण मुक्त विद्यापीठाचं माझं अभ्यासकेंद्र नगरला होतं.

पहिल्या वेळी पुणे-नगर रस्ता अरुंद होता. कडेला झाडं होती आणि झाडाखाली उभं राहिलं की गाडी लांबूनच दिसायची. गावातून फाट्यापर्यंत चार-पाच किलोमीटर. कधी दुधाच्या गाडीवर, कधी कुणाच्या ट्रॅक्टरवर, नाहीतर सरळ पायी. आम्ही तिघी मुली एकत्र निघायचो. तिघींचे डबे एकाच पिशवीत, कारण दोघींच्या खांद्याला वह्या-पुस्तकं आणि तिसरीकडे डबे अशी आमची पाळी ठरलेली. एसटीचा सवलतीचा पास प्लास्टिकच्या पाकिटात, त्यावर डकवलेला काळा-पांढरा फोटो. त्या फोटोत दोन वेण्या आहेत आणि नजर घाबरलेली आहे. आज रस्ता चौपदरी झालाय. सुप्याच्या एमआयडीसीतल्या कंपन्यांच्या बस एकामागून एक जातात. पास लागत नाही. 17 मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. पहिल्या वर्षाच्या मधेच तो निर्णय आला आणि नगरला जाण्यायेण्याचा माझा खर्च निम्म्यावर आला. वाहकाला मी सांगायचे, ‘नगर एक, अर्धं द्या.’ फाट्यावर मात्र मी एकटीच असायचे. डबा माझा मीच धरायचे.

हे लिहायला बसले ते तेव्हाचं सगळं गोड आणि आताचं सगळं कोरडं, असं म्हणायला नाही. तेव्हाचं काय खरंच चांगलं होतं आणि काय तेव्हाच बदलायला हवं होतं, ते मला नीट निवडायचं आहे. कांदा निवडतात तसं.

सुरुवात आईपासून करावी लागेल. 1971 च्या शिरगणतीत आमच्या राळेगणसिद्धीची वस्ती 1209 होती, आणि लिहिता-वाचता येणाऱ्या बायका होत्या 72. पुरुष 290. माझी आई त्या बहात्तरांत नव्हती. गावात शाळा आली होती 1932 साली, एका खोलीची. 1962 साली गावकऱ्यांनी आपल्या हातांनी आणखी खोल्या बांधल्या. पण तेवढ्यावर गाव थांबलं. पुढचं शिकायचं तर पारनेर नाहीतर शिरूर. मुलगे जायचे, नातेवाइकांकडे राहायचे, खोली करून राहायचे. मुलींसाठी गावातली शाळा संपली की शिक्षण संपायचं. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, कारण गावापुढे त्याहून मोठे प्रश्न होते. पाऊस जेमतेम, विहिरी कोरड्या, पुरुषमाणसं मुंबईला नाहीतर खडी फोडायला, आणि गावात दारूच्या भट्ट्या. माझ्या आजीला भाकरीपेक्षा भट्टीचा वास जास्त आठवायचा, असं ती स्वतःच सांगायची.

1975 साली अण्णा हजारे लष्करातून निवृत्त होऊन गावात आले, यादवबाबांच्या देवळात राहू लागले, आणि नंतरचं सगळं महाराष्ट्राला ठाऊक आहे. मला इथे एकच गोष्ट सांगायची आहे. त्या काळात आमचं गाव मोठ्या वयात शिकलं. पन्नाशीची माणसं बांध कसा घालायचा, उताराला आडवी चर कशी खणायची, वाहून जाणारं पाणी कुठे अडवायचं हे नव्याने शिकली. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे पाणी पंचायतीचं काम करत होते; ते पाहून अण्णांनी इथे कामाला हात घातला. म्हणजे दुसऱ्याच्या गावी जाऊन, बघून, विचारून शिकायचं आणि परत येऊन आपल्या मातीत करून बघायचं. स्वतः अण्णांचं शिक्षण मुंबईत सातवीपर्यंत झालेलं. अर्ध्यावर शाळा सुटलेल्या माणसाच्या गावात पुढे देशभरातून लोक शिकायला येऊ लागले.

1976 साली बालवाडी निघाली आणि 1979 साली हायस्कूल. संत यादवबाबा शिक्षण प्रसारक मंडळ त्याच साली नोंदलं गेलं. शाळेला मान्यता मिळत नव्हती, तर 1980 साली त्यासाठी उपोषण झालं. मी तेव्हा दहा वर्षांची. उपोषण म्हणजे काय ते कळत नव्हतं; घरोघरच्या बायका हळू आवाजात बोलत होत्या आणि देवळाकडे गर्दी होती, एवढंच आठवतं. आपल्यासाठी कुणीतरी जेवत नाहीये, हे मला आईने रात्री सांगितलं. ‘आता शाळा बुडवायची नाही,’ असंही म्हणाली. जिला एक अक्षर येत नव्हतं, ती.

त्या हायस्कूलची एक रीत होती, जिचा अर्थ मला बावन्नाव्या वर्षी लागला. बाहेरच्या शाळांनी नापास म्हणून बाजूला केलेली मुलं आमच्या शाळेत घेत. वसतिगृहात राहायची ती. माझ्या वर्गात मिसरूड फुटलेली, आवाज फुटलेली पोरं बसायची. आम्हाला गंमत वाटायची. आमच्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठा मुलगा आमच्याच बाकावर बसून आमचंच गणित सोडवायचा, आणि त्याला त्यात कमीपणा वाटू नये याची सर काळजी घेत. पहाटे व्यायाम, संध्याकाळी अभ्यास, आणि कोण आलं नाही त्याच्या घरी चौकशी. वय उलटून गेलेल्या विद्यार्थ्याला वर्गात जागा असते, हे मी शाळेतच पाहिलं होतं. ती जागा कधी आपल्याला लागेल, असं वाटलं नव्हतं.

1986 च्या मार्चमध्ये मी दहावी झाले. दादा, म्हणजे माझे वडील, फार बोलणारे नव्हते. निकालाच्या दिवशी त्यांनी नवी चप्पल आणून दिली आणि म्हणाले, ‘घोडनदीला लांब चालावं लागंल.’ ती परवानगी होती. अकरावी, बारावी झाली. 1988 च्या जूनमध्ये एफवायबीएला नाव घातलं.

ते एक वर्ष माझ्याकडे जपून ठेवलेलं आहे. वर्गात सर फळ्यावर वक्र काढायचे. मागणीचा वक्र डावीकडून उजवीकडे उतरत जाणारा. खडूची भुकटी पहिल्या बाकावर पडायची आणि आम्ही मुली पहिल्याच बाकावर असायचो. ग्रंथालयात एका कार्डावर एक पुस्तक, सात दिवसांसाठी. पुस्तक मिळालं नाही की तिघींत मिळून एक गाइड. एकीने वाचायचं, दोघींनी लिहून घ्यायचं. परत येताना गाडीत बसायला जागा मिळाली तर त्याच गाइडमधले प्रश्न एकमेकींना विचारायचे. शेजारची म्हातारी माणसं कान देऊन ऐकत असत. एकदा एका आजोबांनी विचारलं, ‘पोरी, हे लोकसभा-लोकसभा काय चाललंय, मला पण सांग.’ मी फाटा येईपर्यंत त्यांना सांगत होते. शिकवण्याची पहिली संधी मला एसटीत मिळाली.

1989 च्या वैशाखात माझं लग्न ठरलं. स्थळ गावातलंच. सासर आणि माहेर यांत दोन गल्ल्यांचं अंतर. दादा म्हणाले, ‘गाव तेच, गाडी तीच. जाशील की कॉलेजला.’ त्यांना ते खरंच वाटत होतं, असं मी आजही मानते. लग्नाची तिथी काढताना पंचांग पाहिलं, कांदा काढून कधी मोकळं होतं ते पाहिलं, मामांना मुंबईहून रजा कधी मिळते ते पाहिलं. परीक्षेचं वेळापत्रक कुणी पाहिलं नाही. ते माझ्या वहीत घडी घालून ठेवलेलं होतं आणि मीही ते बाहेर काढून दाखवलं नाही. अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र, असे दोन पेपर राहिले.

दादांना किंवा कुणाला दोष द्यायला मी हे लिहीत नाही. पण तेव्हाचे दिवस किती निरागस होते असं कुणी म्हणालं, की मला ते वेळापत्रक आठवतं. त्या निरागसपणाची किंमत कुणाच्या वहीत लिहिलेली आहे, तेही सांगावं लागतं.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. स्वभावाने चांगल्या होत्या, कष्टाळू होत्या. त्यांनी घर लावताना माझ्या अर्थशास्त्राच्या वहीची पानं फडताळात डब्यांखाली अंथरली. वाईट हेतूने नाही. कोरी-भरली सगळी पानं त्यांना सारखीच. पुढची कितीतरी वर्षं गोडेतेलाची बरणी उचलली की खाली माझंच अक्षर दिसायचं: ‘मागणीचा नियम – इतर परिस्थिती कायम असताना’, आणि पुढे तेलाचं गोल वर्तुळ. वाक्याचं पुढचं अर्धं तेलाने पुसट झालं होतं. बरणी परत ठेवायची, स्वयंपाकाला लागायचं.

मुलं झाली, शिकली. आत्याबाईंचं आजारपण काढलं. कांदा, बाजरी, दोन गाई, बचत गटाचा हिशेब. गटात लिहिणारी म्हणून मलाच बसवायच्या. त्या खतावणीत माझं अक्षर जिवंत राहिलं. एवढं सांगून ही वर्षं मी पुढे ढकलते.

एक तारीख मात्र मला फार उशिरा कळली. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ नाशिकला स्थापन झालं 1 जुलै 1989 रोजी. म्हणजे माझ्या लग्नानंतर दोन महिन्यांच्या आत. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू, आणि ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचं ब्रीद. घरोघरी निघालेली ती गंगा आमच्या दारात यायला तेहतीस वर्षं लागली, यात तिचा दोष नाही. दाराशी कुणी सांगणारं नव्हतं. आमच्या घरात रेडिओ होता, वर्तमानपत्र यायचं, गावात तर राज्यभरातून पाहुणे यायचे, मंत्री यायचे. पाणी अडवण्याबद्दल सगळे बोलायचे. शिक्षण अडलेल्या बाईने पुढे काय करायचं, हे कुणी बोललं नाही.

बोलली ती सूनबाई. लग्न होऊन आली आणि चौथ्या महिन्यात फडताळ साफ करताना तिने ती पानं बाहेर काढली. आता डब्यांखाली प्लास्टिक होतं, पानं त्याच्याही खाली. ‘आई, हे कुणाचं अक्षर?’ मी सांगितलं. तिने पानं टाकली नाहीत, माझ्या हातात दिली. मग मोबाइल घेऊन बसली. माहिती वाचत गेली तसतसा तिचा आवाज वाढत गेला. बारावी झालेली असली की मुक्त विद्यापीठात बीएला थेट प्रवेश. वयाला वरची अट नाही. बारावी नसेल तर पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करायचा आणि मग पदवीला जायचं. ह्यांना विचारलं तर म्हणाले, ‘विचारायचं काय त्यात? गाडीचं वेळापत्रक बदललंय, ते आधी बघ.’ इतकं सोपं होतं ते. तेहतीस वर्षांत मी विचारलं नव्हतं.

सोपं नव्हतं ते कागदपत्रांचं. शाळा सोडल्याचा दाखला आणि बारावीचं गुणपत्रक माहेरच्या नावाचं. आधार कार्ड सासरच्या नावाचं. ही दोन्ही माणसं एकच, हे सिद्ध करायला एका कार्यालयात तीन खेपा झाल्या. प्रत्येक खेपेला नवा कागद सांगितला गेला. लग्नानंतर नाव बदललेल्या प्रत्येक बाईच्या वाटेत हा दगड आहे आणि पुरुषाच्या वाटेत नाही, याकडे धोरण ठरवणाऱ्यांनी लक्ष द्यावं. तिसऱ्या खेपेला माझ्या शेजारी एक चाळिशीची बाई बसली होती. कागद पुरे होत नाहीत म्हणून ती उठून गेली. ती परत आली का, हे मला माहीत नाही. तिचा चेहरा अजून डोळ्यांपुढे आहे.

पुस्तकं आली. मुक्त विद्यापीठाची पुस्तकं शिकवणीसारखी लिहिलेली असतात. आधी उद्दिष्टं, मग प्रास्ताविक, मग विषय-विवेचन, मधे मधे स्वयं-अध्ययनाचे प्रश्न, शेवटी त्यांची उत्तरं. वर्गात रोज जाऊ न शकणाऱ्या माणसाशी बोलत बोलत जाणारी पुस्तकं. रात्री भांडी आवरली की ओट्यावरच पुस्तक उघडायचे, कारण सगळ्यात चांगला उजेड तिथे. पहिला महिना काही डोक्यात शिरेना. ओळ वाचायची, अर्थ कळायचा, पण पान उलटलं की मागचं सगळं गेलेलं. अठराव्या वर्षी गाइड एकदा वाचलं की पानासकट आठवायचं. आता आठवत नव्हतं.

पण आणखी एक गोष्ट घडत होती, जी अठराव्या वर्षी घडलीच नसती. अर्थशास्त्रात मागणीची लवचिकता आली. किंमत वाढली तर मागणी किती कमी होते, किंमत पडली तर किती वाढते, याचं माप. मीठ, धान्य, कांदा अशा रोजच्या वस्तूंची मागणी कमी लवचिक असते. स्वस्त झाला म्हणून घरात कुणी दुप्पट कांदा खात नाही. मी ओट्याशीच थांबले. आमच्या घरातलं तीस वर्षांचं कोडं त्या दोन ओळींत सुटत होतं. ज्या वर्षी पाऊस बरा, सगळ्यांचा कांदा भरघोस, त्या वर्षी नगरच्या नेप्तीच्या मार्केटला गोण्या जास्त आणि हातात पैसे कमी. हे म्हणायचे, ‘पिकलं तरी मरण, नाही पिकलं तरी मरण.’ खाणारी तोंडं तेवढीच, माल दुप्पट. मग भाव पडतो तो निम्म्यावर थांबत नाही, त्याच्याही खाली जातो. चाळीत गावरान कांदा ठेवून वाट पाहणं म्हणजे काय, तेही मला पुस्तकाच्या भाषेत कळलं. मी ह्यांना झोपेतून उठवून वाचून दाखवलं. ऐकून म्हणाले, ‘हे आपल्याला माहीतच होतं की.’ आणि जरा वेळाने, ‘पण असं कुणी मांडून सांगितलं नव्हतं.’

दुसऱ्या वर्षी, 8 डिसेंबर 2023 ला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. त्या रविवारच्या संपर्क सत्रात आमच्या वर्गात तासभर तीच चर्चा चालली. शिकवणारे सर शहरातले होते. त्यांनी पुस्तक मिटलं आणि आम्हालाच बोलायला लावलं. पहिल्या बाकावरून खडूची भुकटी अंगावर घेणारी ती मुलगी त्या दिवशी उभी राहून बोलत होती, आणि वर्ग लिहून घेत होता.

पर्यावरणाच्या पुस्तकात पाणलोट क्षेत्र विकास आला. व्याख्या वाचली. पावसाचं पाणी ज्या भागातून वाहत येऊन एका प्रवाहाला मिळतं तो भाग, वगैरे. मला आठवलं ते असं: मी आठ-नऊ वर्षांची, डोक्यावर कळशी, नाल्यात माती टाकणाऱ्या बायामाणसांना पाणी पाजत फिरतेय. कुणाची आई, कुणाचे आजोबा, सगळे श्रमदानाला. आम्हा मुलांना वाटायचं, जत्रा आहे. पुढे दोन पावसाळे गेले आणि आमच्या खालच्या विहिरीला उन्हाळ्यातही पाणी राहिलं. त्या दिवशी आजी काठावर बसून पाण्याकडे नुसतं बघत होती. गृहपाठात मी व्याख्या लिहिली आणि खाली आजीची विहीर लिहिली. तपासणाऱ्यांनी त्याखाली लाल शाईने रेघ ओढली आणि पुढे एकच शब्द लिहिला, ‘छान.’ तो गृहपाठ मी नातीला दाखवायला ठेवलाय.

हात मात्र ऐकत नव्हता. तीन तास सलग लिहायचं म्हणजे काय, हे खुरपणाऱ्या हाताला आठवेना. पहिल्यांदा घड्याळ लावून बसले तर पाऊण तासात अंगठ्याच्या बुडाशी कळ आली आणि अक्षर मुंग्यांसारखं पसरत गेलं. सूनबाईने रोज एक पान लिहायला लावलं, मग दोन, मग चार. परीक्षेच्या आधी महिनाभर मी सकाळी शेतात जाण्यापूर्वी एक उत्तर लिहायचे. उजव्या हाताच्या मधल्या बोटावर पेनाचा घट्टा परत आला. कॉलेज सुटल्यावर तो कधी गेला होता ते कळलंही नव्हतं.

पहिल्या वर्षाच्या अर्थशास्त्राच्या पेपरात मागणीचा नियम विचारला होता. मी लिहायला सुरुवात केली, ‘इतर परिस्थिती कायम असताना...’ आणि तेलाच्या वर्तुळाखालचं पुढचं अर्धं वाक्य पेनातून आपोआप उतरलं. पर्यवेक्षक बाई जवळून गेल्या तेव्हा मी पदराने चष्मा पुसत होते. त्यांनी विचारलं, पाणी हवंय का. मी नको म्हणाले आणि पुढचा प्रश्न घेतला.

आता तुलनेकडे येते. तेव्हा एका पुस्तकासाठी तिघी भांडायचो, आता सगळं मोबाइलवर येतं. तेव्हा परीक्षेचा फॉर्म भरायला रांगेत दिवस जायचा, आता घरबसल्या भरता येतो. फक्त भरून देणारं कुणी लागतं आणि रेंज लागते. तेव्हा विद्यापीठाचं नाव नुसतं पुणे विद्यापीठ होतं, 2014 पासून ते सावित्रीबाई फुले यांच्या नावाने आहे. त्या फुले पती-पत्नींनी 1855 साली पुण्यात दिवसभर राबणाऱ्या माणसांसाठी रात्रीची शाळा काढली होती. म्हणजे मोठ्या वयात शिकणाऱ्यांची वाट आपल्याकडे फार जुनी आहे. आम्ही मळलेल्या वाटेवरच चालतोय. माझ्या ओळखपत्रावर पहिल्या वर्षी जिल्हा अहमदनगर होता आणि शेवटच्या वर्षी अहिल्यानगर. यातलं बहुतेक सगळं बदललं ते बरं झालं. मुलीला कॉलेजला पाठवताना आज आमच्या गावात कुणी विचार करत नाही. बहात्तर बायकांच्या गावासाठी ही लहान गोष्ट नाही.

मग हरवलं काय? चौकशी हरवली. शाळेत मी दोन दिवस दिसले नाही तर सर घरी यायचे. कॉलेजला दांडी मारली तर उरलेल्या दोघी संध्याकाळी दारात उभ्या. आमच्या मुक्त विद्यापीठाच्या वर्गात पहिल्या रविवारी बाकं भरलेली होती. एक एसटीचे वाहक, एक अंगणवाडीतल्या मदतनीस ताई, पोलिसात असलेला एक मुलगा, सीमेवर असलेल्या जवानाची बायको, हॉटेलात पोळ्या करणारी एक मावशी. दिवाळीनंतर बाकं निम्मी झाली आणि संक्रांतीनंतर आम्ही आठजण उरलो. कोण का थांबलं, हे विचारायला कुणी गेलं नाही. मोबाइलवर गट होता, त्यात सकाळी फुलांची चित्रं यायची. ज्याची गाडी चुकली त्याला शोधायला फाट्यापर्यंत येणारं माणूस त्यात नव्हतं. मग मीच एक सवय लावून घेतली. सत्राला जो आला नाही त्याला संध्याकाळी फोन करायचा. अंगणवाडीच्या ताई त्याने परत आल्या. मुलीचं बाळंतपण होतं म्हणून थांबल्या होत्या. फोन आला नसता तर कायमच्याच थांबल्या असत्या, असं त्यांनीच सांगितलं. पोळ्या करणाऱ्या मावशी आल्या नाहीत. जुन्या दिवसांतलं काही परत आणायचं असेल तर मला एवढंच आणायचं आहे: न आलेल्याची विचारपूस.

ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात 2016 च्या महिला दिनाला आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारीतल्या त्या आज्यांचे फोटो सगळीकडे गेले. मला त्यांच्याबद्दल अपार आदर आहे. फक्त एक मागणं आहे. आम्हा उशिरा शिकणाऱ्यांचं कौतुक करून थांबू नका. आम्हाला वेळेवर पुस्तकं द्या, जवळ केंद्र द्या, रविवारी सकाळची एक गाडी द्या, नावाच्या घोळातून एकदाचं सोडवा. कौतुकाने आम्ही पहिल्या दिवशी वर्गात येतो. तिसऱ्या वर्षापर्यंत टिकायला ह्या गोष्टी लागतात.

2025 साली मी बीए झाले. वय पंचावन्न. निकाल सूनबाईने मोबाइलवर पाहिला आणि मोठ्याने वाचला. दादा आता नाहीत. आई आहे. तिला सांगितलं तर तिने माझा उजवा हात हातात घेतला, बोटावरचा घट्टा चाचपून पाहिला आणि विचारलं, ‘दोन्ही पेपर दिले का?’ छत्तीस वर्षं ते तिच्या लक्षात होतं. मी कधी बोलले नव्हते, तीही कधी बोलली नव्हती.

आता एमएचा फॉर्म भरलाय. फडताळातली जुनी पानं मी नव्या वहीत घडी करून ठेवली आहेत.

हे वाचणाऱ्यांत कुणाच्या घरी यंदा लग्न निघालं असेल, तर हात जोडून सांगते. पंचांग उघडण्याआधी मुलीला तिच्या परीक्षेचं वेळापत्रक मागा. ती स्वतःहून दाखवणार नाही.